भांडायला पुरतील एवढे आकडे

शोधनिबंधातले तक्ते कुठे टाकावेत, हा काही घर डोक्यावर घेण्यासारखा विषय नाही. तरी मागच्या रविवारी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या दिवाणखान्यात दोन शहाण्या माणसांनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं. एक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, टाइपरायटरवर थीसिस बडवून काढलेल्या पिढीतले. त्यांच्या मते आकडे निबंधाला वेगळ्या जोडलेल्या पुरवणीत टाकणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवायचं आणि ताट माजघरात ठेवायचं. दुसरा माझा जुना विद्यार्थी, जनुकशास्त्रात नुकताच पीएचडी झालेला. तो म्हणाला, "काका, तक्ता आज वाचतं कोण? आलेख द्यायचा, आकडे रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन कोठारात, चढवायचे, लिंक द्यायची." लीलो चिवडा संपला, चहा दोनदा झाला, आणि निघताना दोघंही होते तिथेच होते. मला मात्र हे भांडण पहिल्यापासून आडवाटेला लागलेलं वाटत होतं. एकाचा जीव सवयीत अडकलेला, दुसऱ्याचा सोयीत. तक्ता निबंधात असतो कशासाठी, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या आकड्यांवाचून वाचकाला तुमच्याशी भांडता येणार नाही, ते आकडे तुमच्या विधानाच्या शेजारी हवेत. शेजारी म्हणजे नजरेच्या टप्प्यात. उरलेले सगळे आकडे, एकही न गाळता, दुसरीकडे ठेवा आणि त्या जागेचा पत्ता पक्का असू द्या. तक्ता लांब की आखूड, पानात मावतो की नाही, जर्नलला किती तक्ते चालतात, या नंतरच्या गोष्टी. आधी बघायचं ते वाचकाला शंका कुठे येणार.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मुलं निबंध दाखवायला येतात; घरात जाग राहते म्हणून मीही नाही म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा निबंध घेऊन आली. तक्ता नीटनेटका: गाव, पावसाळ्याआधीची सरासरी, पावसाळ्यानंतरची सरासरी. खाली वाक्य, 'पावसाळ्यानंतर फ्लोराइडचे प्रमाण घटते.' मी विचारलं, "प्रत्येक गावात नमुने किती घेतलेस गं?" "ते सप्लिमेंटमध्ये आहे, मॅडम. तो रकाना मावत नव्हता." तिने दुसरी फाइल उघडली. बाकीच्या गावांत दहा-बारा नमुने, आणि एका गावात पावसाळ्यानंतरचे फक्त दोन. रस्ता वाहून गेला होता, तिला तिकडे जाताच आलं नव्हतं. आणि सगळ्यांत मोठी घट दिसत होती ती नेमकी त्याच गावात. त्या ओळीवर बोट ठेवून ती झाकली, तर उरलेल्या तक्त्यात घट जेमतेम दिसायची. मुलगी सरळ होती, तिने काहीही लपवलं नव्हतं. रकाना मावला नाही, म्हणून तो पुरवणीत गेला. आणि त्याच्याबरोबर तिच्या वाक्यावर घेता येणारा एकमेव आक्षेपही गेला.

आमच्या प्राध्यापकांचा 'मजकुरातच' हा आग्रह तरी कुठून आला? त्यांच्याच तरुणपणी हस्तलिखित धाडताना तक्ते वेगळ्या पानांवर, शेवटी, एका पानावर एक असे लावायचे असत, आणि मजकुरात मध्येच लिहायचं, 'तक्ता ३ सुमारे येथे'. हा नियम छापखान्याच्या सोयीचा होता. आकड्यांची जुळणी हे किचकट काम, ते वेगळं आणि सावकाश व्हायचं, म्हणून कागद वेगळा. छापून आल्यावर तक्ता आपल्या जागी बसलेला दिसे, आणि वाचकाला पडद्यामागचं काही कळत नसे. आता जुळारी गेले, खिळे गेले, तरी कित्येक ठिकाणी तक्ते शेवटी लावायची रीत उरलीच, आणि बिचारा परीक्षक मजकूर आणि तक्ता यांच्यात पानं उलटत बसतो. लेटेक हे निबंध जुळवायचं सॉफ्टवेअर वापरणारी मुलं आणखी वेगळ्या दुःखात: तक्ता चौथ्या पानावर टाकावा तर तो आपला तरंगत सहाव्यावर. म्हणजे तक्त्याची जागा आधी छापखान्याने ठरवली, मग सॉफ्टवेअरने. वाचकाला कुणी विचारलं?

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते, आणि ते थोडंथोडकं नाही. तक्ता वाचायला लोक कंटाळतात, हे खरंच. सारांश, आकृत्या, शेवटचा परिच्छेद, या क्रमाने निबंध वाचणाऱ्यांत मीही आहे. आलेख पुष्कळदा तक्त्याहून प्रामाणिक असतो, हेही खरं. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने चार छोटे संच मांडले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांची सरासरी सारखी, सहसंबंध सारखा, ०.८१६. आलेख काढला की एक सरळ रेषेच्या आसपास, दुसरा कमानीसारखा, तिसऱ्यात एक बिंदू फटकून, चौथ्यात एका बिंदूच्या जोरावर सगळी रेषा उभी. सरासऱ्यांचा तक्ता किती बेमालूम थापा मारू शकतो हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला वर्गात कधी सापडलं नाही. पण आलेखवाले हे उदाहरण सांगताना एक गोष्ट विसरतात. अँस्कोम्बने त्या चव्वेचाळीस जोड्याही त्याच लेखात छापल्या होत्या. म्हणून तर कुणीही कागद-पेन्सिल घेऊन त्याला तपासू शकलं. आलेखाने नजर वळते, पण पडताळा आकड्यांनीच होतो.

दुसरी कबुली याहून मोठी. माझ्या विद्यार्थ्याच्या एका प्रयोगातून जेवढे आकडे निघतात, तेवढे छापायचे तर खंडेराव मार्केटचा आख्खा माळा कागदाने भरेल. ते रिपॉझिटरीतच जायला हवेत. शिवाय पीडीएफमध्ये गोठवलेला तक्ता संगणकाला निरुपयोगी. त्यातले आकडे पुन्हा हाताने उतरवणं ही शिक्षाच, आणि उतरवताना चुका ठरलेल्या. इथवर तो शंभर टक्के बरोबर आहे. पण यावरून 'आकडे मजकुरात नकोत' हा निष्कर्ष कसा निघतो? कोठारात धान्य आहे, म्हणून पानात भात वाढायचा नाही का?

रिपॉझिटरीवर डोळे झाकून भरवसा ठेवणाऱ्यांना मी आयरिसची गोष्ट सांगते. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने एका जर्नलमध्ये (त्या जर्नलच्या नावात 'सुप्रजननशास्त्र', म्हणजे माणसांच्या निवडक पैदाशीचं शास्त्र, होतं, आज ते नाव घेतानाही अवघडायला होतं) आयरिसच्या तीन जातींच्या दीडशे फुलांची मापं छापली. मोजणारा एडगर अँडरसन. पाकळीची लांबी-रुंदी, निदलाची लांबी-रुंदी, म्हणजे एकूण सहाशे आकडे, आणि तेही निबंधाच्या पोटात, पहिल्याच तक्त्यात. आजच्या संपादकाने पहिल्या फटक्यात ते पुरवणीत ढकलले असते. पुढे तो तक्ता संगणकावर चढला, मशिन लर्निंग शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातून गेला. आणि सगळ्यांत जास्त वापरल्या गेलेल्या रिपॉझिटरीतल्या प्रतीत पस्तिसाव्या आणि अडतिसाव्या फुलाच्या मापांत चुका शिरल्या. त्या चुका आहेत हे कळलं कसं? फिशरचं छापील पान समोर ठेवून ताडून पाहिल्यावर. मूळ तक्ता पानावर नसता, तर कोठारातल्या आकड्याला खोटं कोण म्हणणार होतं?

कोठारातला माल कुणी बघत नाही, हा खरा रोग. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये टाकल्या की 'सेप्ट-२' नावाच्या जनुकाची २ सप्टेंबर ही तारीख होते आणि 'मार्च-१' ची १ मार्च. २०१६ मध्ये काहींनी छापून आलेल्या निबंधांच्या पुरवण्या तपासल्या. एक्सेलमध्ये जनुक-यादी जोडलेल्या दर पाचांपैकी जवळजवळ एका निबंधात अशा चुका निघाल्या. लेखकाने बघितलं नाही, परीक्षकाने बघितलं नाही, संपादकाने तर नाहीच. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलून 'सेप्टिन-२' वगैरे केली. एक्सेलला शहाणं करण्यापेक्षा जनुकांचं बारसं पुन्हा करणं सोपं पडलं! माझा सवाल साधा आहे: यातली एखादी यादी मजकुरात, पाचव्या पानावर असती, आणि तिच्या मधोमध '२ सप्टेंबर' छापलेलं असतं, तर ते कुणाच्याच डोळ्यांना खुपलं नसतं का?

मेंदूविज्ञानातल्या 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'ने २०१० मध्ये पुरवण्या स्वीकारणंच बंद केलं. कारण ओळखीचं होतं. पुरवण्या फुगत चालल्या, परीक्षकांना त्या नीट तपासता येईनात, आणि 'हाही प्रयोग करून पुरवणीत घाला' असं परीक्षकच सांगू लागले. निबंध आपल्या पायांवर उभा राहावा, ही त्यांची भूमिका. मी एवढ्या टोकाला जाणार नाही. पुरवणी हवी. पण पुरवणीहून वाईट अशी एक जागा आहे, आणि आपल्याकडे ती फार लोकप्रिय: 'आकडे लेखकाकडे मागितल्यास मिळतील.' २०१४ च्या एका अभ्यासात दोन ते बावीस वर्षं जुन्या ५१६ निबंधांच्या लेखकांकडे आकडे मागण्याचा प्रयत्न झाला. निबंध जितका जुना तितके आकडे हाती लागणं अवघड. निबंधाच्या वयाच्या दर वर्षामागे ते अजून शिल्लक असण्याचा संभव, 'ऑड्स'च्या (असणं भागिले नसणं) हिशेबाने, १७ टक्क्यांनी घटत गेलेला. ईमेल बंद, संगणक भंगारात, फ्लॉपी वाचायचं यंत्र नाही. 'मागितल्यास मिळतील' हे वाक्य उधारीच्या वहीतल्या 'दिवाळीला देतो' सारखं आहे. माझे वडील मांडवीतल्या एका पेढीवर हिशेब लिहायचे. ताळेबंद एका पानाचा, पण त्यातल्या प्रत्येक रकमेपुढे खतावणीचं पान लिहिलेलं, आणि खतावणीतून किर्दीपर्यंत बोट धरून जाता यायचं. शेटजी ताळेबंदच बघत. पण भागीदार भांडायला आला, की आधी त्या पानावर बोट टेकायचा.

या प्रश्नाचं उत्तर बडोद्यात शोधायला सायन्स फॅकल्टीतच जायला हवं असं नाही. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती सात कांडांत काढली. तिचं एक पान उघडून बघा. वर संपादकांनी ठरवलेली संहिता. खाली त्याच पानावर, बारीक टाइपात, कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे ते, पोथ्यांच्या खुणांसकट. संहितेत न घेतलेले एक-दोन श्लोक असले, तर ते तारकेचा आकडा लावून तिथेच खाली. आणि लांबलचक प्रक्षेप मात्र परिशिष्टात. संपादक काय म्हणतात? 'आम्ही हा शब्द घेतला. तुम्हाला दुसरा पटत असेल, तर तो इथे आहे, तुमच्या डोळ्यांसमोर.' पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची आवृत्ती याच धाटणीची, आणि तिथे संपादक सुखटणकरांनी आणखी एक केलं: जिथे स्वतःचीच खात्री कमी, त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. शंका कुठे घ्यायची हे संपादकच वाचकाला दाखवतो! पाठभेद सगळे परिशिष्टात गेले असते, तर आवृत्ती दिसायला सुटसुटीत झाली असती आणि पंडितांच्या भांडणाला मुकली असती. काहींना तेच हवं असतं, हा भाग वेगळा.

गायकवाडी राज्यातल्या खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, अहवालांचीही हीच बुद्धी. १९११ किंवा १९२१ चा बडोद्याचा अहवाल घ्या: पहिल्या भागात विवेचन, दुसऱ्या भागात मोठे तक्ते. पण विवेचनाचा भाग आकड्यांवाचून कोरडा ठेवलेला नाही. परिच्छेदाच्या कडेला चार-पाच ओळींचे चिमुकले तक्ते आणि प्रकरणाच्या शेवटी पूरक तक्ते. साक्षरता वाढली असं वाक्य असेल, तर त्याच्या खांद्याला खांदा लावून आकडे उभे. ज्याला आणखी मुळाशी जायचंय, त्याने दुसरा खंड काढावा. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवरून खालची दिसते. शंभर वर्षांपूर्वी, खिळ्यांच्या छपाईत, हे जमत होतं.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यांत धारदार आक्षेप मात्र त्या दोघांनी घेतलाच नाही, तो मीच घेते. वाचकाला कुठे शंका येणार हे लेखक कसं ठरवणार? तो आपल्याला सोयीच्या शंका निवडेल, अवघड शंकेचे आकडे मागे सारेल. हे होतं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री दुसऱ्या दिवशी आकाशात फुटलेल्या चॅलेंजर अंतराळयानाच्या उड्डाणावरून अभियंत्यांचा खल चालला होता. थंडीत रबरी कडी दगा देतील अशी भीती, आणि समोर आकडे होते ते कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांचे. इजा न झालेली उड्डाणं, जी सगळी उबदार हवेतली होती, ती त्या मांडणीत नव्हतीच. ती शेजारी असती, तर थंडीचा आणि इजेचा संबंध अंगावर आला असता. इथे तर भांडणाऱ्यांनी स्वतःच्याच बाजूचे आकडे बाहेर ठेवले होते. म्हणून माझ्या नियमाला एक अट जोडलेली आहे: नमुने किती, विखुरलेपण किती, काय वगळलं आणि का, हे लेखकाच्या मर्जीवर नाही. ते विधानाशेजारी असायलाच हवं. शून्य आलेली ओळसुद्धा ओळच. उरलेल्याच्या निवडीत लेखक चुकेल, कधी लबाडीही करेल; त्यासाठीच तर मागचं कोठार पूर्ण हवं.

आणि जो विरोधकाला हत्यार द्यायला घाबरतो, त्याने मेंडेलकडे बघावं. १८६५ मध्ये वाचलेला आणि १८६६ मध्ये छापलेला त्याचा निबंध: वाटाण्याच्या ७,३२४ बिया, ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेल्या, प्रमाण २.९६ ला १. इतकं सांगून थांबता आलं असतं. पण तो लगेच पहिल्या दहा झाडांचे आकडे वेगवेगळे देतो, आणि वर सांगतो की एका झाडावर ४३ गोल नि फक्त २ सुरकुतलेल्या होत्या, आणि दुसऱ्या एकावर १४ नि १५. स्वतःच्या नियमाला सगळ्यांत कमी शोभणारे आकडे त्याने मजकुराच्या ओघात लिहिले. सत्तर वर्षांनी त्याच फिशरने, त्याच १९३६ साली, मेंडेलचे आकडे तपासून म्हटलं की ते अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात. त्यावरचा वाद आजही पुरता मिटलेला नाही. मेंडेलच्या प्रयोगांच्या वह्या उरलेल्या नाहीत. कोठार केव्हाच नाहीसं झालं. वाद घालायला फिशरच्या हाताशी होतं ते फक्त छापलेलं पान, आणि ते पुरलं.

कॉलरा पाण्यामुळे पसरतो असं म्हणणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोच्या पुस्तकाचं तर उदाहरण मी वर्गात फळ्यावर काढायची. लंडनमधला १८५४ चा कॉलरा. तक्ता तीन ओळींचा: साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीचं पाणी पिणाऱ्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लँबेथ कंपनीच्या घरांत ३७, उरलेल्या लंडनमध्ये ५९. शेजारी घरांची आणि मृत्यूंची मूळ संख्याही, ४०,०४६ घरं आणि १,२६३ मृत्यू अशी, म्हणजे भागाकार कुणीही करून बघावा. हे पुस्तकाच्या पोटात. आणि घरोघरी फिरून जमवलेली मृत्यूंची यादी शेवटी परिशिष्टात. ती यादी पोटात आणली असती तर वाचक पहिल्याच पानावर दमला असता. तीन ओळी परिशिष्टात ढकलल्या असत्या तर 'पाण्यामुळे' हा शब्द निराधार लोंबकळला असता.

रविवारच्या त्या दोघांना मी हे सगळं सांगितलं नाही, माझ्याच घरात मला मध्ये बोलायला जागा मिळाली नाही. फ्लोराइडवाल्या मुलीचं मात्र सांगायचं राहिलं. तिने 'घटते' चं 'घटत असावे' केलं, त्या गावाची अडचण तक्त्याखाली एका ओळीत लिहिली, पण रकान्याचा प्रश्न उरलाच. जर्नलची रुंदी ठरलेली, अक्षर याहून बारीक चालत नव्हतं. आम्ही दोघी तक्त्याकडे बघत बसलो. मग माझं लक्ष गेलं, सगळ्या सरासऱ्या तीन दशांश स्थळांपर्यंत होत्या. "तुझं यंत्र किती स्थळं दाखवतं?" "एक." "मग पुढची दोन कुठून आली?" "एक्सेलने दिली, मॅडम." दोन्ही रकान्यांतली ती दोन-दोन स्थळं खोडली, आणि नमुन्यांची संख्या त्या जागेत बसली.